परक्या गावातलं पहिलं वर्ष: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात आम्ही परदेशी राहणाऱ्या वाचकांना आणि इथल्या त्यांच्या घरच्यांना लिहायला सांगितलं होतं. सर्वांत जास्त पत्रं जर्मनीतून आली. मी स्टुटगार्टला बरीच वर्षं संसार केला आणि आता नागपुरात धरमपेठेत मुलांना जर्मन शिकवते, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे असेल. अमेरिका आणि आखातातली पत्रं बाजूला ठेवली आहेत. तिथे राहिलेल्या माणसाकडूनच त्यांची उत्तरं घेऊ. या वेळी चार पत्रं.

प्रश्न: काकू, नमस्कार. मी मानेवाड्याची, बी.फार्म. झालेली. लग्न होऊन ब्योब्लिंगेनला आले त्याला वर्ष होत आलं. नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर आहे, ऑफिसात सगळं इंग्रजी चालतं. तो सकाळी सातला जातो, संध्याकाळी सहाला येतो. मधल्या वेळात मी कोणाशीच बोलत नाही, एक मैत्रीण नाही. जिन्यात लोक 'हालो' म्हणतात आणि निघून जातात. मागच्या रविवारी मिक्सरवर चटणी वाटली, तर दारावर चिठ्ठी लावून गेले. त्याआधी फोडणीच्या वासावरून बोलून झालं होतं. एकदा दाराला कोणीतरी लाकडी पाटी अडकवून गेलं, तिचा अर्थ मला आठवडा संपल्यावर कळला. आईला फोन केला की रडू येतं, म्हणून फोनही कमी केले. मी इथे कोणालाच नको आहे असं वाटून राहिलं. डिग्री वाया गेली का? परत यावं का?
(एक वाचक, ब्योब्लिंगेन)

उत्तर: परत यायचं की नाही, हा निर्णय डिसेंबरात घेऊ नकोस, एवढं आधी ऐक. तुमच्याकडे आत्ता सकाळी आठ वाजून गेल्यावर उजाडतं आणि साडेचारला अंधार पडतो. मधले तास ढगांत जातात. नागपूरच्या मुलीच्या अंगाला हे माहीतच नसतं. आपल्याकडे थंडी म्हणजे गच्चीवरचं ऊन, हुरडा, संत्री सोलत बसलेल्या बाया. तिथली थंडी माणसाला घरात कोंडते, आणि कोंडलेल्या माणसाला वाटायला लागतं की दोष आपल्यातच आहे. रोज दुपारी बाराच्या सुमारास तासभर बाहेर चाल, ढग असले तरी. डॉक्टरांना सांगून ड जीवनसत्त्व तपासून घे. झोप, भूक, अंघोळ यांतलं काही बिघडलं असेल तर तेही त्यांच्याशी मोकळेपणाने बोल, हे दुखणंच आहे आणि त्यावर तिथे उपचार मिळतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, संध्याकाळ एकदम लांबते. तेव्हा हा प्रश्न स्वतःला पुन्हा विचार आणि मला कळव.

आता ती चिठ्ठी. 'तू नको आहेस' असं तू वाचलंस. तिच्यात लिहिलं होतं ते एवढंच की रविवारी आवाज नको. रविवारची विश्रांती हा तिथे शेजाऱ्याच्या मर्जीचा विषय नाही. ते 1919 च्या वायमार घटनेतलं कलम आहे आणि 1949 च्या घटनेने ते तसंच पुढे घेतलं. त्या दिवशी दुकानं बंद, ड्रिल मशीन बंद, व्हॅक्यूम क्लीनरसुद्धा लोक काढत नाहीत, रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायलाही मनाई. रोज रात्री दहा ते सकाळी सहा तीच शांतता. पुष्कळ इमारतींत दुपारी एक ते तीनही असते. भाडेकरारासोबत इमारतीचं एक नियमपत्र मिळालेलं असेल, त्याला हाउसऑर्डनुंग म्हणतात. नवऱ्याला ते शोधून काढायला लाव आणि दोघं मिळून एकदा ओळ न् ओळ वाचा. चटणी, पुरण, इडलीचं पीठ, सगळं शनिवारी दिवसा वाट. त्यावर कोणी काही बोलणार नाही.

वासाचा प्रश्न खरा आहे आणि तो सुटतो. तिथली घरं थंडी आत शिरू नये म्हणून घट्ट बंद असतात, त्यामुळे हिंग-मोहरीची फोडणी कोटात, पडद्यात, जिन्यात जाऊन बसते. स्वयंपाक झाला की खिडक्या पूर्ण उघड, पाच-दहा मिनिटं, आणि मग बंद कर. नुसती फट ठेवून दिवसभर सोडू नकोस, त्याने घर गार पडतं आणि भिंतींना बुरशी धरते. कोट बेडरूमच्या बंद कपाटात ठेव. फोडणी सोडायची गरज नाही. स्वतःच्या घरात आपल्या जिभेचं जेवण नसेल तर माणूस फार लवकर खचतो, हे मी तिथे बघितलं आहे.

पाटीबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे. तू श्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या मुलखात राहतेस आणि ती पाटी केअरवोखंची आहे. ज्या दारावर ती लागली, त्या घराने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा. काही ठिकाणी फुटपाथ आणि कचऱ्याच्या डब्यांची जागासुद्धा. ही पद्धत 15 व्या शतकापासूनची आहे आणि तिथले लोक ती मनापासून पाळतात. आठवडा संपला की पाटी पुढच्या दारावर आपण लावायची असते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहत. मी जिना पुसायला लागले की त्या दार उघडून बघत. कोपरे नीट झाले की मान हलवत. हळूहळू त्या दारातच उभ्या राहून बोलायला लागल्या, माझं जर्मन त्या जिन्यावर वाढलं. मी सुट्टीला नागपूरला निघाले की आजी विचारत, तुझी जिन्याची पाळी कोण करणार? मला तो प्रश्न फार आवडायचा. त्या इमारतीत माझ्यावाचून काहीतरी अडत होतं.

तुझ्या पत्रात मला नेमकी हीच उणीव दिसते. तू लिहितेस की तुला मैत्रीण नाही. मैत्रीण तिथे वर्षात होत नाही, दोन वर्षांतही होईलच असं नाही. लोक वाईट नाहीत, पण त्यांची मैत्री शाळेपासूनची असते आणि जेवायला बोलवायचं तर तीन आठवडे आधी तारीख ठरते. मैत्रिणीच्या मागे लागू नकोस. अशी एखादी जागा शोध, जिथे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी तू गेली नाहीस तर कोणीतरी विचारेल, आज ती का आली नाही?

अशी जागा सर्वांत आधी भाषेच्या वर्गात मिळेल. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही. ही सवलत आहे खरी, पण तिच्यामुळे आपल्या किती हुशार मुली एक अक्षर न शिकता तिथे उतरतात आणि मग वर्षभर खिडकीतून बघत बसतात! सरकारी इंटेग्रात्सिओन्सकुर्स साधारणपणे 700 तासांचा असतो, 600 तास भाषा आणि 100 तास देशाची ओळख. लोकविद्यापीठात, म्हणजे फोल्क्सहोखशूलंमध्ये, सकाळची तुकडी मिळते का बघ. वर्गात सीरियाची, युक्रेनची, तुर्कस्तानची, ब्राझीलची बाई भेटेल. सगळ्यांचं जर्मन तुझ्याइतकंच मोडकं असतं, त्यामुळे तोंड उघडायची भीती जाते.

डिग्री वाया गेलेली नाही. तुझं क्षेत्र कठीण आहे, पण रस्ता ठरलेला आहे. औषधनिर्माता म्हणून काम करायला तिथे सरकारी परवाना लागतो, आप्रोबात्सिओन. तुमच्या राज्यात तो अर्ज स्टुटगार्टच्या प्रशासनाकडे, रेगिरुंग्सप्रेसिडिउमकडे जातो. भाषेची बी-2 पातळी, म्हणजे सहा पायऱ्यांतली चौथी, आणि त्यावर फार्मसीच्या भाषेची वेगळी परीक्षा, ती पाचव्या पायरीच्या, सी-1 च्या तोडीची. तिच्यात गिऱ्हाइकाशी बोलणं, सहकाऱ्याशी बोलणं आणि लेखी, असे तीन भाग असतात. तिथला अभ्यासक्रम चार वर्षं विद्यापीठात आणि एक वर्ष प्रत्यक्ष कामाचा. आपल्या चार वर्षांच्या पदवीशी तो जुळत नाही असं ठरलं, तर ज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. दरम्यान दोन वर्षांपर्यंतचा तात्पुरता परवाना मिळू शकतो. दोन-तीन वर्षं धर. पण लक्षात घे, त्या देशात साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा फक्त औषधाच्या दुकानातच मिळते. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांचा सगळ्यांत जास्त बोलण्याचा काउंटर तोच असतो. तुझं शिक्षण तिथे कामाचं आहे. नवऱ्याला म्हण, मार्कशीट, अभ्यासक्रम, फार्मसी कौन्सिलचं नोंदणीपत्र यांची फाइल या महिन्यातच लावायची. नागपूर विद्यापीठातून काही काढायचं असेल तर भावाला किंवा बाबांना आजच कामाला लाव, त्याला वेळ लागतो.

वर्गाशिवाय आणखी एक वार भरून घे. जर्मनीत लोक संस्थांमधून भेटतात, फेराइनमधून. गाण्याचा, पोहण्याचा, बागेचा, बुद्धिबळाचा. सात माणसं जमली की संस्था नोंदवता येते, त्यामुळे लहान गावातही डझनांनी सापडतात. तुमच्या भागात श्वेबिशर आल्बफेराइन ही 1888 मधली डोंगर चालणाऱ्यांची संस्था आहे, तिच्या गावोगाव शाखा आहेत. चालताना शेजारच्याकडे बघून बोलावं लागत नाही, वाक्य अडलं तरी पाय चालत राहतात. नव्या माणसाला त्याहून सोपं काही नाही. मराठी मंडळातही जाच, गणपतीला आणि दिवाळीला तर नक्की. पण मंडळ महिन्या-दोन महिन्यांनी भेटतं. तुझा रिकामा मंगळवार ते भरू शकणार नाही.

नवऱ्याबद्दल तू तक्रार केलेली नाहीस, तरी एक सांगते. दिवसभर बोलून आलेल्या माणसाला घरी गप्प बसायचं असतं, आणि दिवसभर गप्प राहिलेल्या माणसाला बोलायचं असतं. त्यावरून तिथल्या कितीतरी घरांत धुसफूस चालते. त्याला हे वाच म्हणून दे. रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास फोन बाजूला ठेवून त्याने तुझ्याशी बोलावं, हे मी त्यालाच लिहिते आहे असं समजा.

आणि आईला फोन कर. रडू आलं तर येऊ दे, ती आई आहे. तुझ्या सकाळी नऊला इथे दीड वाजलेला असतो, तिचं जेवण आवरलेलं असतं.

प्रश्न: ताई, मुलीचं बाळंतपण जानेवारीत आहे, हॅम्बर्गला. मी पहिल्यांदाच देशाबाहेर जाऊन राहिले, तीन महिन्यांसाठी. साजूक तूप, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, मोहरीची उशी, धुरीचं सामान, अशी यादी केली. मुलगी म्हणते, "आई, यातलं अर्धं चालत नाही. इथे सुईण घरी येते, ती सांगेल तसंच करायचं." मग मी तिथे जाऊन करायचं तरी काय? जाऊच नये असं वाटायला लागलं.
(एक आई, त्रिमूर्तीनगर)

उत्तर: जा. मुलीने यादीला नाही म्हटलं आहे, तुम्हाला नाही. पहिलं बाळंतपण, परका देश, बाहेर सकाळी साडेआठपर्यंत अंधार आणि चारला पुन्हा अंधार, अशा दिवसांत तिला आईच हवी असते. ती फोनवर तसं म्हणणार नाही.

सामानाचं आधी उरकू. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, मांसाचेही नाहीत. म्हणजे तूप, खवा, पनीर बॅगेतून काढा. ताज्या फळांत अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढी पाच सोडली तर बाकीच्यांना सरकारी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. तेव्हा नागपूरची संत्रीही घरीच राहू द्या, कितीही जीव तुटला तरी. डिंक, खारीक, बदाम, सुंठ, भाजून दळलेला अळीव न्या. तिथे बिनमिठाचं लोणी फार चांगलं मिळतं, ते घरी कढवा आणि ताज्या तुपात लाडू तिथेच वळा. कढवलेल्या तुपाचा वास घरभर पसरला की मुलीला काय वाटेल ते मी सांगायला नको. बीपी-शुगरच्या गोळ्या स्वतःपुरत्या, तीन महिन्यांच्या आत बसतील इतक्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा.

धुरी करू नका. तिथे राहत्या घरात धुराचा अलार्म कायद्याने लावावा लागतो. ओवा-वावडिंग निखाऱ्यावर पडलं की तो किंचाळायला लागेल आणि शेजारी अग्निशमन दलाला, 112 ला फोन करतील.

बाळाच्या झोपण्याबद्दल तुमचा जीव खालीवर होईल, म्हणून आत्ताच सांगते. तिथे बाळाला उताणं झोपवतात. उशी नाही, पांघरूण नाही, अंगात झोपायची पिशवी घालतात, आणि खोली 16 ते 18 अंशांवर ठेवतात. आपल्याला वाटतं बाळ गारठेल. ते हे करतात कारण झोपेत तोंडावर कापड येऊन किंवा अंग फार तापून तान्ह्या बाळाला धोका होऊ शकतो, आणि यात ते बरोबर आहेत. मोहरीची उशी इथेच ठेवा. तुम्ही शिवलेली दुपटी मात्र न्या, बाळ जागं असताना खाली अंथरायला, पुसायला, खांद्यावर टाकायला ती दिवसातून दहादा लागतात.

ती सुईण, हेबामं, चांगली शिकलेली असते. पहिले दहा दिवस ती गरजेप्रमाणे रोज येऊ शकते आणि पुढे बारा आठवडेही तिच्याकडून मदत मिळते. खर्च आरोग्यविमा देतो. ती बाळाचं वजन करते, टाके बघते, दूध नीट येतं का बघते. तिला प्रतिस्पर्धी समजू नका. तेल लावण्याबद्दल मुलीमार्फत तिच्याशी बोला. कोणतं तेल आणि केव्हापासून, हे तिला सांगू द्या, लावणारे हात तुमचे असू देत. ती पाऊण तासाने निघून जाते. रात्री अडीच वाजता बाळ रडतं तेव्हा घरात तुम्ही असता. जावई पालकत्वाची रजा घेणार असतील तर ते लंगोट बदलतील, बाळाला छातीशी धरून हिंडतील. त्यांच्या हातून बाळ काढून घेऊ नका, त्यांना शिकू द्या. तुम्ही स्वयंपाकघर धरा. बाळंतिणीला दर दोन तासांनी गरम काहीतरी हातात देणं, एवढं एक काम जरी तुम्ही केलंत, तरी तुमची मुलगी ते जन्मभर विसरणार नाही.

सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही, हा आपला नियम तिथे कोणी पाळत नाही. गुंडाळून बाबागाडीत घालून बाळाला थंडीतही फिरवतात. तुम्हीही बरोबर निघा, पायात घट्ट पकडीचे बूट घालून, कारण बर्फावर पाय घसरून मनगट मोडलेल्या आज्या मी पाहिल्या आहेत. शिवाय स्वतःसाठी रोज एक फेरी ठेवा. कोपऱ्यावरची बेकरी धरा, रोज सकाळी दहाला जा, 'गूटन मॉर्गन' म्हणा, दोन पाव घ्या. आठवडाभरात काउंटरमागची बाई तुम्हाला ओळखायला लागेल. तीन महिने फक्त मुलीच्या घरात, मुलीच्या वेळेप्रमाणे राहिलात तर दोघी एकमेकींना कंटाळाल. त्यात कोणाचा दोष नसतो.

तारखांचा हिशोब मुलीवर न सोडता स्वतः करा. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसावर, 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, आणि 90 दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. उतरण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून मोजतात. 5 जानेवारीला उतरून 5 एप्रिलला निघालात तर 91 दिवस होतात. प्रवासाचा विमा किमान 30,000 युरोचा लागतो, तो पूर्ण मुक्कामाचा घ्या.

प्रश्न: काकू, मी आखेनला एम.एस. करून राहिलो. आमच्याकडे टीव्ही नाही, रेडिओ नाही, तरी महिना 18.36 युरो भरा म्हणून पत्र आलं. आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहतो, तिघांनाही आलं. फ्रॉड आहे ना? मी फाडून टाकलं. आणि गाडी भारतातल्या लायसन्सवरच चालवून राहिलो, चालतं ना?
(एक विद्यार्थी, आखेन, मूळ गोधनी)

उत्तर: फ्रॉड नाही. 2013 पासून ही सार्वजनिक प्रसारणाची वर्गणी घरामागे द्यावी लागते, टीव्ही असो वा नसो. तू पत्त्याची नोंदणी केलीस तेव्हाच तुझं नाव तिकडे गेलं. पण वर्गणी घरामागे आहे, माणसामागे नाही. तिघांपैकी एकाने भरायची, बाकीच्या दोघांनी त्याचा वर्गणी क्रमांक लिहून कळवायचं आणि पैसे तीन ठिकाणी वाटून घ्यायचे. हे या आठवड्यात करा, उशिराचा दंड वाढत जातो.

आणि बाळा, तिथलं कोणतंही कागदी पत्र फाडू नकोस. तो देश अजून पत्रांवर चालतो. विमा, बँक, परदेशी नागरिकांचं कार्यालय, सगळे पत्रच पाठवतात आणि त्यात तारीख असते. एक फाइल कर. टपालपेटीवर तुझं आडनाव लिहिलेलं आहे का तेही बघ, नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवून राहिलास असं शेवटी लिहिलं आहेस. तिथे राहायला गेल्यापासून सहाच महिने ते चालतं. मुदत संपली असेल तर आजपासून चालवू नकोस. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतील.

प्रश्न: मॅडम, आईवडिलांसाठी आम्ही स्टुटगार्टजवळून नागपूरला परतलो, बेसाला घर घेतलं. आम्हा दोघांचं बस्तान बसलं. मुलगी नऊ वर्षांची, तिची शाळा तिकडेच सुरू झालेली. इथे शाळेतून येते आणि खोलीत जाऊन बसते. समारंभात नातेवाईक तिला "जर्मन बोलून दाखव" म्हणतात, मग तिच्या मराठीवर हसतात. परवा तिने विचारलं, आपण घरी कधी जाणार? आम्ही काय उत्तर द्यावं?
(एक वडील, बेसा)

उत्तर: तुम्ही घरी परतलात. तुमची मुलगी परदेशी आली आहे. वरच्या पहिल्या पत्रातल्या ब्योब्लिंगेनच्या मुलीची जी अवस्था आहे, तीच तिची आहे, फक्त तिला ती लिहिता येत नाही. आजी-आजोबांचं प्रेम भरपूर मिळतं म्हणून तिला एकटं वाटत नसेल, असं मानू नका.

तिचं काय गेलं ते बघा. तिथे ती शेजारच्या मुलांबरोबर पायी शाळेत जात असेल, दप्तरावर चमकणाऱ्या पट्ट्या लावून, आईवडील सोबत नसताना. चौथीत तिकडची मुलं पोलिसांकडून सायकल चालवायला शिकतात आणि परीक्षा देतात, तिची ती हुकली. इथे ती व्हॅनमध्ये बसते, व्हॅनमधून उतरते आणि लेआउटच्या फाटकाबाहेर एकटी जाऊ शकत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला हे लहान बाळ झाल्यासारखं वाटतं. बेसाच्या मोठ्या रस्त्यावर तिला सोडा असं मी म्हणणार नाही. पण लेआउटच्या आतलं किराणा दुकान तिच्याकडे द्या. यादी तिची, पैसे तिचे, हिशोब तिचा. दुकानदाराला आधी भेटून सांगून ठेवा. सायकल घेऊन द्या आणि कोणत्या गल्लीपर्यंत जायचं ते तिच्याबरोबर चालून ठरवा.

मार्कांचंही समजावून सांगा. तिकडे 1 म्हणजे सर्वांत उत्तम आणि 6 म्हणजे नापास, इथे शंभरातले 94 आले तरी सहा कुठे गेले ते विचारतात. शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला मुलीची पार्श्वभूमी सांगा, त्यांना बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं.

समारंभातला प्रकार आजपासून बंद. तिच्या वतीने हे तुम्हीच सांगायला हवं, मुलीच्या देखत, हसून पण ठामपणे: "ती पाहुण्यांसमोर काही म्हणून दाखवणार नाही." नातेवाईक दोन दिवस फुगतील. पण आपले वडील आपल्या बाजूने उभे राहिले हे तिला दिसेल, आणि आत्ता तिला ते फार हवं आहे.

मराठीसाठी शिकवणी लावू नका. तुमचे वडील सकाळी पेपर वाचत असतील. तो वाचून दाखवायचं काम तिला द्या, रोज फक्त मथळे आणि एक बातमी. अडेल तिथे आजोबा सांगतील, हसायचं नाही ही अट त्यांना घाला. चष्मा असला तरी आजोबांनी तिची वाट बघत पेपर तसाच ठेवावा. तिकडची एखादी मैत्रीण असेल तर तिच्याशी आठवड्याचा व्हिडिओ कॉल ठरवून टाका. थंडीत इथले साडेसहा म्हणजे तिकडचे दोन, शाळा सुटलेली असते. तिचं जर्मन तिला मैत्रिणीशी बोलायला हवं आहे. ते पाजळायची वस्तू नाही, आणि पुसून टाकायचीही नाही.

"घरी कधी जाणार" याला खरं उत्तर द्या. आपण आता इथे राहणार आहोत, हे सरळ वाक्यात सांगा, आणि ती रडली तर जवळ बसा. तिकडे भेटीला जाणं परवडणार असेल तर जून धरा. विदर्भातल्या शाळा साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत बंद असतात आणि स्टुटगार्टकडच्या शाळांना उन्हाळी सुट्टी जुलै संपता संपता लागते, म्हणजे तिच्या जुन्या मैत्रिणी बहुधा गावातच भेटतील. तिच्या आधीच्या बाईंना आत्ताच लिहून विचारा, एक दिवस तिला वर्गात बसू द्याल का. परवडणार नसेल तर या वर्षी जमणार नाही असं सांगा, नुसतं 'बघू' म्हणून ठेवू नका.